उजव्या पायातलं जोडवं

“काय दिसतंय वो?” हौसानं विचारलं.

ती डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडली होती. पडदा तिच्या पाठीमागे होता. खोलीत अंधार केलेला. डॉक्टर नाईकवडी बाईंनी तिच्या छातीवर कसलीशी गार जेली लावली होती आणि यंत्राचं टोक त्यावर दाबून धरलं होतं.

“काळीज,” मी म्हणालो.

“कुणाचं?”

“तुझंच की. माझं कशाला दाखवतील?”

डॉक्टर बाई हसल्या. वयानं आमच्या लेकीएवढ्या होत्या. “मावशी, बोलू नका. चित्र हलतंय.”

मी पडद्याकडे बघत राहिलो. राखेच्या रंगाचं काहीतरी मिटत होतं, उघडत होतं. त्याच्या आत पापण्यांसारखे दोन पातळ पडदे होते, तेही मिटत होते, उघडत होते. आमचं गाव हुपरी. तिथं घराघरात चांदीचं काम. लहानपणी मी वडिलांच्या भट्टीचा भाता ओढायचो. मला तो भाताच आठवला. जुना झालेला, चामडं सैल पडलेला. फुगतो तर पुरा, पण दाबला की वारा म्हणावा तसा बाहेर येत नाही. हा तसाच होता. पण थांबत नव्हता. मी बघतोय याची त्याला खबरही नव्हती. आमचं लग्न झाल्यापासून हे माझ्या शेजारी, हातभर अंतरावर, असं चाललेलं होतं आणि मी कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी एक बटण दाबलं. त्या राखेत एकदम लाल आणि निळे लोट उसळायला लागले. माझ्या हातून टोपी खाली पडली.

“हे रक्त,” बाई म्हणाल्या. “निरोगी हृदय आत आलेल्या रक्तातलं निम्म्याहून जास्त बाहेर ढकलतं. मावशींचं जेमतेम पाव भाग ढकलतंय.”

“आणि राहिलेलं?”

“मागे तुंबतं. म्हणून पायाला सूज, छातीत पाणी, दम. त्यात साखर इतक्या वर्षांची.”

“पर चालतंय न्हवं?” भिंतीकडून हौसाचा आवाज आला.

“चालतंय, मावशी.”

“मग झालं तर.”

तिला साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली होती. आदल्या दिवाळीत हृदयाचं निघालं. तेव्हापासून आम्ही दवाखान्यांचेच झालो होतो. साखरेचा डॉक्टर वेगळा, काळजाचा वेगळा, डोळ्यांचा वेगळा. प्रत्येकाच्या गोळ्या एकाच कापडी पिशवीत. बाजाराला जावं तशी ती पिशवी काखेला लावून हौसा माझ्याबरोबर एसटीत चढायची. या खेपेला मात्र पिशवी घ्यायलाही वेळ मिळाला नव्हता. गडहिंग्लजहून भाच्याचं लग्न उरकून आलो आणि तिला आडवं होता येईना. पडली की जीव गुदमरायचा. मी आणि माझी थोरली बहीण आक्का, आम्ही तिला जीपमधून कोल्हापूरला आणलं.

वॉर्डात खाटेची पाठ उभी करून तिला बसवलं. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. आक्का उशाशी उभी. डॉक्टर बाईंनी हौसाच्या नडगीवर बोट दाबलं. बोट काढल्यावर तिथं खळगा तसाच राहिला.

“पाण्याची गोळी रोज घेत होता ना?”

हौसा पदर सारखा करत राहिली.

“मावशी?”

“लग्नात न्हाई घेतली,” आक्काच बोलली. “तीन दिस न्हाई. त्या गोळीनं सारखं जावं लागतंय. एसटीत कुटं जाणार? मांडवात तर सगळं गाव बसलेलं. बायामाणसानं तांब्या घिऊन कितींदा उटायचं?”

बाईंच्या तोंडावर रागवायचं आलं होतं, ते तिथंच राहिलं. त्या म्हणाल्या, “प्रवास असेल त्या दिवशी गोळी मुक्कामाला पोचल्यावर घ्यायची. चालतं तसं. आजवर तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

“कुणाला इचारणार? सगळे डाक्टर बाप्ये हुते,” हौसा म्हणाली.

बाईंनी तिचं लुगडं घोट्याच्या वर सारलं. हौसा नेहमी पायघोळ नेसायची, बोटं झाकतील असं. सुजलेली पावलं कुणी बघू नयेत म्हणून लग्नात तर जास्तच. मीही ती पावलं तेव्हाच पाहिली. डावं सुजलं होतं. उजवं पाव फुगावा तसं फुगलं होतं, आणि अंगठ्याशेजारच्या बोटातलं जोडवं मांसात बुडालं होतं. वरची नक्षी तेवढी दिसत होती. जोडव्याच्या पुढचं बोट जांभळाच्या रंगाचं झालेलं.

“हे दुखत नाही?”

“काय?”

“हे बोट.”

“न्हाई बाई. मला कुटलंच बोट दुकत न्हाई.” हे सांगताना ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती, आणि बाई खाली तिच्या बोटाला टाचणीचं टोक लावत होत्या. हौसाला त्याचा पत्ताच नव्हता.

बाईंनी माझा हात घेतला. माझ्या बोटाचं नख दाबलं, सोडलं. नख पांढरं झालं आणि लगेच गुलाबी. “बघा, असं रक्त परत यायला पाहिजे.” मग हौसाचा अंगठा दाबला. पांढरा झाला, सावकाश रंग आला. मग ते शेजारचं बोट. दाबलं, सोडलं. काहीच झालं नाही. जांभळं ते जांभळंच.

“जोडवं आत्ताच्या आत्ता काढावं लागेल.”

हौसानं पाय ओढून लुगड्याखाली घेतला. “ते न्हाई निगायचं.”

“कापावं लागेल, मावशी.”

“न्हाई कापायचं. ह्यो बसलाय न्हवं हितं माजा मालक? जित्ता हाय. त्यो जित्ता असताना माज्या पायातलं जोडवं कापतासा?”

“खरं हाय की,” आक्का म्हणाली. “डाक्टरीण बाई, दुसरं कायबी करा.”

“बोट जाईल, मावशी.”

“जाऊ दे. नऊ ऱ्हातील.”

“बोट सडलं तर ते कापायला भूल द्यावी लागेल. तुमचं हृदय ती भूल सोसायचं नाही.”

“मग बोटबी नका कापू.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. एक सिस्टर अंगठी कापायचं छोटं चाक घेऊन आली. तिनं लांबूनच जोडवं पाहिलं आणि मान हलवली. “बाई, हे चाक यावर चालायचं नाही. एवढी जाड चांदी? कुणी केलंय हे?”

“मी,” मी म्हणालो.

लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी हौसाचं एक जोडवं ओढ्यावर धुणं धुताना पडलं. दिवसभर पाण्यात हात घालून शोधलं आणि जेवण न करता झोपली. मी आठवडाभर कामातून वेळ काढून नवी जोडी केली. बाजारात मिळतात त्यांना मधे फट असते, दाबून बसवता येतात. मी फट ठेवली नाही. सांधा झाळून बंद केला, की पुन्हा पडायला नको. जाडी दुप्पट. साबण लावून घातली होती.

डॉक्टर बाई मला बाहेर घेऊन गेल्या. “काका, संध्याकाळपर्यंत बघू शकतो. त्याच्या पुढे मी काही सांगू शकत नाही. त्या तुमचं ऐकतील?”

“कापायला मी चालेन का?” मी विचारलं.

“तुम्हाला येईल?”

“चांदी कापणं हेच तर केलंय जन्मभर.”

“पण त्या तुमच्यासाठीच तर नको म्हणतायत.”

“ते बघतो,” मी म्हणालो. कसं बघणार, ते मला ठाऊक नव्हतं.

मी रिक्षा करून गुजरीत, सराफांच्या पेठेत गेलो. तिथं बाळू पोतदार म्हणून माझ्या ओळखीचा कारागीर होता. जिन्याखाली बसून काम करायचा. मी केसासारखी बारीक करवत मागितली, एक पातळ पत्र्याची पट्टी आणि दोन लहान पकडी.

“कुणाची ऑर्डर, श्रीपतराव?”

“घरातलं जोडवं कापायचंय. पाय सुजलाय.”

पुढे केलेली करवत त्यानं मागे घेतली. “दुसऱ्या कुणाकडनं कापून घ्या की. मी येतो पायजे तर. तुमीच आपल्या हातानं…”

“दुसऱ्याला ती पाय देत नाही.”

“आनि तुमाला देती व्हय?”

“अजून तरी नाही.”

त्यानं करवतीला नवं पातं चढवलं. पट्टीच्या कडा कानशीवर घासून मऊ केल्या, अंगठा फिरवून बघितल्या, पुन्हा घासल्या. देताना म्हणाला, “पट्टी आदी जोडव्याखाली सारा. पातं पट्टीवर उतरंल, कातड्यावर न्हाई.” मला हे येत होतं. तरी त्यानं सांगितलं ते बरं वाटलं.

परत येताना रिक्षात मी ती करवत मांडीवर धरून बसलो. मला भीती वाटत नव्हती असं नाही. असल्या गोष्टी मी मानत नाही, असं मी गावात सांगत फिरायचो. पण रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हा माझा हात आधी छातीवर गेला आणि मग करवतीवर.

आलो तेव्हा ऊन खाटेपर्यंत आलं होतं. हौसाचा दम थोडा बसला होता. माझ्या हातातली पिशवी बघून तिला सगळं समजलं.

“परत द्या ते.”

“हौसा, ऐक.”

“तुमी ऐका. माज्या आईचं मी बगितलंय. आंघुळीला जोडवी काडून ठेवली आनि विसरली. त्याच आटवड्यात आण्णा ग्येलं.”

“तुझे आण्णा विहिरीचं काम करताना दरड कोसळून गेले.”

“दरड रोज हुती. त्याच आटवड्यात का पडली?”

डॉक्टर बाई खाटेच्या कडेला उभ्या राहून नुसत्या ऐकत होत्या. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि हात पदराआड घेतला.

तेव्हा आक्का बोलली. सकाळपासून ती हौसाच्या बाजूची होती. ती खाटेला वळसा घालून पायथ्याशी आली आणि आपलं पाऊल चपलेतून काढून हौसाला दिसेल असं खाटेच्या दांडीवर ठेवलं. तिच्या बोटांत काही नव्हतं. दाजी जाऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती.

“हे बग,” ती म्हणाली. “माजी नदीवर काडली. चार बायांनी धरून. पंचगंगेचं पानी गार हुतं, बोटं आकसली हुती, भसकन निगाली. ज्याच्यासाटी घातली हुती त्यो पलीकडं जळत हुता. कोण काडतंय, कशी काडतंय, बगायला त्यो न्हवता.”

पलीकडच्या खाटेवरच्या बाईनंही मान इकडे वळवली.

“तुजी तुजा नवरा काडतोय. जित्ता. आपल्या हातानं. ज्यानं घातली त्योच. हे काडणं न्हवं, हौसा. काडणं म्हंजे काय ते मला इचार.”

हौसा तिच्या पावलाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

“पायाला हात लावणार व्हय तुमी माज्या? सगळ्यांफुडं?”

“घालताना लावला होता की.”

“तवा घरात कुणी न्हवतं.”

सिस्टर फिस्सकन हसली. आक्काही हसली, डोळे पुसत. हौसानं लुगड्याखालून पाय बाहेर काढला.

मी खाटेवर तिच्या गुडघ्यांजवळ, तिच्याकडे पाठ करून बसलो आणि तिचं पाऊल मांडीवर घेतलं. जड होतं. गार होतं. सिस्टरनं ती सकाळची जेली दिली, ती मी जोडव्याच्या कडेनं भरली. पट्टी आत सरकवायला लागलो. मांस आणि चांदी यांच्यामधे जागाच नव्हती. हळूहळू, एका बाजूनं, नखाएवढी, मग पुन्हा नखाएवढी. मला घाम फुटला. तिला लागत असेल असं वाटून मी दोनदा थांबलो.

“काय झालं?” मागून हौसानं विचारलं.

“लागतंय?”

“काय कळत न्हाई मला. करा तुमी.”

आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. डाव्या बाजूला, खांद्याच्या फळीखाली, पुरा तळवा. मला वाटलं, भ्याली. आधार म्हणून धरलंय. मी म्हणालो, “घाबरू नको.” हात तसाच राहिला.

पट्टी बसली. मी करवत टेकवली आणि ओढली. चांदी कापताना एक बारीक आवाज येतो, तो मी जन्मभर ऐकलाय. पण तो आवाज तिच्या पायातून येताना कधी ऐकला नव्हता. पांढरा कीस पडायला लागला. सवयीनं मी खिशातला रुमाल काढून पावलाखाली पसरला. हुपरीत कुणी चांदीचा कीस वाया जाऊ देत नाही.

“मरायला टेकली बायकू, तरी ह्येंचं कीस गोळा करणं सुटत न्हाई,” हौसा म्हणाली.

“मरायला कुठं टेकलीस? सकाळी बघितलंय मी. चालू आहे.”

“तुमचं?” तिनं विचारलं.

“माझं काय?”

मी पुन्हा करवत ओढली. समोर आक्का उभी होती. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती आणि मधूनमधून मान हलवत होती, जसं कुणी लांबून काही सांगतंय आणि ही समजलं म्हणतेय. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पातं तुटू नये एवढाच विचार डोक्यात होता.

चांदीचा आवाज बदलला. पातं पट्टीवर उतरलं होतं. त्या क्षणी पाठीवरचा हात एकदम घट्ट दाबला गेला. मी दोन्ही पकडींनी जोडव्याची टोकं धरली आणि जोर लावून फाकवली. जाड चांदी सावकाश उघडली. मी ती वर उचलून काढली. खाली बोटावर खोल गोल चर होता, कुंभाराच्या दोऱ्यानं कापावा तसा. जोडवं माझ्या तळहातावर होतं.

डॉक्टर बाई वाकल्या. बोट दाबलं, सोडलं. जांभळं.

सगळे बघत होते. बाईंनी पुन्हा दाबलं. काही नाही. त्यांनी पाऊल थोडं खाली सोडायला सांगितलं. मी मांडी खाली केली. आम्ही थांबलो. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली होती.

मग चराच्या काठाशी एक ठिपका आला. तांबूस. नुकत्या उगवणाऱ्या रोपासारखा, आधी आहे की नाही कळेना असा. तो पसरला. चराच्या पुढे सरकला. जांभळाच्या आतून काहीतरी वर येत होतं. नखाच्या मुळाशी आलं, नखाखाली शिरलं. बाईंनी दाबलं. पांढरं. सोडलं. आणि मी ते पाहिलं. पांढऱ्यातून रंग परत येताना. हळू, फार हळू, पण आला. गुलाबी.

सकाळी पडद्यावर पाहिलेला तो जुना भाता मला आठवला. सैल, थकलेला, पाव भाग ढकलणारा. त्यानं तिथून एवढ्या लांब, शरीराच्या शेवटच्या टोकाला, वाट मोकळी होताच हे पाठवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी ओढत नव्हतं. मी भट्टीत वितळलेली चांदी आरशासारखी होताना हजारदा पाहिली आहे, आणि दरवेळी क्षणभर हात थांबतो. पण हे तसं नव्हतं. हे पाहताना मी पाऊल धरून तोंड उघडं ठेवून बसलो होतो, असं आक्का नंतर सगळ्यांना सांगायची.

“हे त्याच हृदयानं केलंय?” मी बाईंना विचारलं.

“दुसरं कुठलं असणार, काका?” त्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज हलका झाला होता.

“तुमी बरं हायसा न्हवं?” हौसानं मागून विचारलं.

“मला काय झालंय? तुझं बोट बघ की!”

“बोट ऱ्हाऊ दे. बरं हायसा न्हवं?”

“बरा आहे.”

तेव्हा पाठीवरचा हात निघाला. वळून बघितलं तर तिनं डोळे मिटले होते. कित्येक रात्रींनंतर ती झोपली, बसल्या बसल्या.

डावं जोडवं दोन दिवसांनी सूज उतरल्यावर साबणानं निघालं. घरी जाताना डॉक्टर बाईंनी सक्त सांगितलं, पायात पुन्हा काही घालायचं नाही. रोज पावलं तपासायची, कारण तिला लागलेलं कळत नाही. हौसाला वाकता येत नव्हतं, डोळ्यांनाही नीट दिसत नव्हतं. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला ती दार लावून घ्यायला लावायची. मग सोप्यातच, उन्हात, चहाच्या आधी. तिचं एक-एक बोट दाबायचं, सोडायचं, रंग परत येईपर्यंत बघायचं. शेजारच्या बाया हसायच्या. हौसा म्हणायची, “बगा, ह्येंनी सकाळची पूजा काडली.” सूज दिसली, की त्याच दिवशी पहिली एसटी. पाण्याची गोळी प्रवासात चुकली तर मुक्कामाला पोचल्यावर. काळजाचे डॉक्टर म्हणाले होते वर्षभर काढेल. तिनं त्याच्या पलीकडे कितीतरी वर्षं काढली.

कापलेलं जोडवं मी झाळून देतो म्हणालो होतो. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे तसंच.” दोन्ही तिनं कुंकवाच्या करंड्याखाली ठेवली.

ती गेली तेव्हा मार्गशीर्ष होता. सकाळीच, सोप्यात, मी बोटं बघायच्या आधी. लेक सोलापूरहून यायची होती. बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा भरला. सवाष्ण गेली म्हणून जोडवी मागितली. मी करंडा उचलला. एक बाई हात पुढे करून उभी होती. मी जोडवी दिली नाहीत. तिच्या पायाशी बसलो आणि पाऊल मांडीवर घेतलं. त्या बाईनं हात मागे घेतला.

डावं घातलं. मग उजवं. मधे फट होती, त्यामुळे सुजलेल्या बोटातही सहज बसलं. सवयीनं मी बोट दाबलं आणि सोडलं.

आक्का माझ्याशेजारी खाली बसली. तिचंही वय झालं होतं. हळू आवाजात म्हणाली, “शिरपा, त्या दिवशी तिनं तुज्या पाटीवर हात का ठिवला हुता, ठावं हाय?”

“भ्याली होती म्हणून.”

“भ्याली हुती. पर तुज्यासाटी. तुजं काळीज चालतंय का बगत हुती. जोडवं तुटलं आनि ते थांबलं तर? म्हनून हात लावून बसली हुती. दर घडीला मला डोळ्यांनी सांगत हुती, चालू हाय, चालू हाय. मी म्हनायची, बरं.”

मी आक्काकडे पाहिलं. पाव भागावर चालणारं ते काळीज, ऑक्सिजनची नळी नाकाला, आणि ती माझं बघत होती. सगळा वॉर्ड तिच्या बोटाकडे बघत होता तेव्हा.

“मला कधी सांगितलं नाही तिनं.”

“मला शपत घातली हुती. म्हनली, हसतील मला.”

बाया थांबल्या होत्या. उचलायची वेळ झाली होती. मी तसाच, तिच्याकडे पाठ करून, पाऊल मांडीवर घेऊन बसलो होतो. पाठ ताठ केली आणि मोठा श्वास आत घेतला, सोडला, पुन्हा घेतला. तिला कळावं म्हणून.